यंत्राची नब्ज कुणी ओळखायची?

पुणे-नगर रस्त्याने सकाळी सहाच्या सुमारास वाघोली ओलांडली की दुतर्फा माणसांच्या रांगा दिसू लागतात. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. लोणीकंद, पेरणे फाटा, भीमेचा पूल, मग कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगावची एमआयडीसी. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक थांबतात, माणसे उचलतात आणि निघून जातात. कोरेगाव भीमा हे नाव महाराष्ट्राच्या कानी आहे ते १ जानेवारी १८१८च्या लढाईमुळे, पेरण्याच्या हद्दीतील जयस्तंभामुळे आणि २०१८ साली झालेल्या हिंसाचारामुळे. वर्षाचे उरलेले दिवस हा पट्टा कारखान्यांचा असतो. तिथल्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले. तिथल्या यंत्रांवर आणि यंत्रांजवळ उभ्या असलेल्या माणसांवर फारसे कुणी लिहीत नाही.

याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात माझ्या ओळखीचे एक चाचा मेन्टेनन्स फिटर होते. मूळचे दौंडचे, नोकरीमुळे शिक्रापुरात राहिलेले. वडील रेल्वेत खलाशी. चाचांचे शिक्षण जेमतेम नववी, हुनर मात्र उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. मशीनचे दुखणे शोधायची त्यांची पद्धत जुन्या मिस्त्रींची असते तशीच. लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मिनिटभराने ते सांगत, ‘‘ग्रीस नाही मिळालं याला’’ किंवा ‘‘हे चाललं आता.’’

काही वर्षांपूर्वी कंपनीने मोटारींवर आणि पंपांवर काडेपेटीएवढे सेन्सर चिकटवले. ते यंत्राचा थरथराट आणि तापमान मोजतात आणि आकडे बिनतारी पाठवतात. आकडे पाहणारी माणसे कारखान्यात नव्हती, दूर दुसऱ्याच शहरात होती. त्याच सुमारास सहा नंबरच्या पंपाचा आवाज चाचांना खटकला. त्यांनी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. सुपरवायझर म्हणाले, ‘‘चालतोय ना? मग चालू द्या. शटडाऊनला बघू.’’ नऊ दिवसांनी त्या दूरच्या शहरातून फोन आला की सहा नंबरच्या पंपाचा थरथराट मर्यादेबाहेर गेला आहे. तासाभरात परवानगी निघाली, लाइन थांबली आणि बेअरिंग बदलले गेले. बदलले चाचांनीच. अहवालात ‘दोष कुणी कळवला’ या रकान्यात लिहिले होते : सिस्टीम.

चाचा हे हसत सांगतात. मला मात्र त्यात एक जुना प्रश्न दिसतो. यंत्र बिघडण्याआधी इशारा मिळत नाही, असे इतिहासात फार कमी वेळा घडले आहे. इशारा बहुतेक वेळा मिळालेलाच असतो. तो कुणाच्या तोंडून आला, यावर तो ऐकला जाणार की नाही हे ठरते.

बेअरिंग काय बोलते?

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. बेअरिंग एका दिवसात मरत नाही. आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत असतात. वर्षानुवर्षे भार सोसून एखाद्या कड्याला पृष्ठभागाखाली बारीक चीर जाते, मग तिथला कण उडून खड्डा पडतो. प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना एक ठोका देते. समजा मोटार मिनिटाला १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या आहेत. खड्डा बाहेरच्या कड्यावर असेल तर सेकंदाला साधारण ८६ ठोके पडतात, आतल्या कड्यावर असेल तर साधारण १३०. म्हणजे नुसती ठोक्यांची गती मोजून, यंत्र न उघडता, कोणते कडे खराब आहे ते सांगता येते.

सुरुवातीला हे ठोके माणसाच्या कानापलीकडच्या, अतिसूक्ष्म लहरींच्या रूपात असतात. नंतर ते थरथराटात उतरतात, मग कानाला ऐकू येतात, मग बेअरिंग तापते आणि शेवटी धूर निघतो. पहिल्या खुणेपासून धुरापर्यंत कधी काही दिवस जातात, कधी काही महिने. हा मधला काळ हाच देखभालीचा खरा पैसा. त्यात दोष कळला तर काम एका बेअरिंगच्या किमतीत भागते. नाही कळला तर शाफ्ट जातो, मोटार जळते आणि सगळी लाइन बंद पडते.

सेन्सर यातल्या पहिल्या पायऱ्यांवर बसलेला असतो, चाचांचा कान तिसऱ्या. त्या हिशेबाने सहा नंबरचा दोष सेन्सरला चाचांच्या आधी कळायला हवा होता. कळलाही होता. आकडा कितीतरी दिवसांपासून चढत होता, पण ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली जाईपर्यंत त्याकडे पाहायचे कुणाला कारण नव्हते. चाचांना मर्यादा ठाऊक नव्हती. त्यांना एवढेच ठाऊक होते की काल असा आवाज नव्हता.

दौंडचे यार्ड

चाचांचा कान कुठून आला हे शोधायचे तर दौंडला जावे लागते. १८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याला पोचली आणि तिथून दौंडमार्गे सोलापूरच्या दिशेने पुढे सरकली. १८७८ला दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन बनले. इंग्रजी कागदात त्याचे नाव ‘धोंड’ असे पडले. गावाशेजारी रेल्वेचे दुसरे गाव वसले. तिथे मराठे, महार, मुसलमान, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे क्वार्टरमध्ये एकमेकांना लागून राहत. बढतीच्या शिडीवर मात्र सगळे एका पायरीवर नव्हते. इंजिनाचा ड्रायव्हर बहुधा गोरा किंवा अँग्लो-इंडियन असे आणि खलाशी देशी.

गाडी यार्डात आली की तिच्या दोन्ही बाजूंनी माणसे चालत निघत. हातात कंदील आणि लांब दांड्याचा हातोडा. प्रत्येक चाकावर एक ठोका. चांगले चाक घंटेसारखे वाजते, चीर गेलेले चाक बद्द आवाज करते. मडके विकत घेताना आपली आई बोटाच्या पेराने ते वाजवून बघते, ते याच ज्ञानावर. शिवाय आसांच्या पेट्यांवरून हाताची मागची बाजू फिरवायची. त्या काळच्या वाघिणींना गोळ्यांची बेअरिंग नव्हती. मऊ धातूच्या गादीवर आस फिरे आणि तेलात भिजलेले सुताचे बोळे त्याला वंगण देत. तेल संपले, सूत सरकले की आस तापे आणि जळक्या तेलाचा वास येई. ‘हॉट अ‍ॅक्सल’ हा शब्द दौंडच्या रेल्वे घरांत लहान मुलांनाही ठाऊक असे. आस तुटला तर गाडी घसरणार, हे सांगायला पुस्तक लागत नव्हते.

युरोपने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर रँकिनसारख्या अभियंत्यांनी तुटलेल्या आसांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे जर्मनीत व्होलरने वर्षानुवर्षे आस फिरवून-वाकवून पाहिले. लोखंडही थकते, आणि ते हळूहळू, आतून थकते, ही गोष्ट तिथे शास्त्र म्हणून नोंदली गेली. दौंडचा खलाशी हातोड्याने त्याच थकव्याचा माग काढत होता. व्होलरचे नाव पाठ्यपुस्तकात आहे. खलाशी हजेरीपटावर होता, तोही पुष्कळदा नुसत्या अंगठ्याने.

चाचा वडिलांची एक सवय सांगतात. गाडी फलाटात शिरताना ते डबे बघत नसत, खाली मान घालून बसत. लहानपणी चाचांना वाटे, अब्बा थकले आहेत. ते चाके ऐकत होते. रेल्वेच्या भाषेत याला ‘रोलिंग इन’ तपासणी म्हणतात. टीएक्सआर आणि त्याची माणसे रुळांच्या दोन्ही अंगांना उकिडवी बसतात आणि गाडी समोरून सरकत जाते. सपाट झालेले चाक दर फेऱ्याला एकदा आपटते, लटकणारा दुवा घासतो, तापलेली पेटी वास सोडते. अलीकडे आरडीएसओ आणि आयआयटी कानपूरने चाकाचा रुळावर बसणारा मार मोजणारी यंत्रणा बनवली. ती रुळाला बसवलेली असते, गाडी धावत असताना प्रत्येक चाकाचा आघात नोंदवते आणि खराब चाकाचा डबा कोणता हे पुढच्या स्थानकाला कळवते. तिचे काम तेच, उकिडवे बसण्याचे.

आपल्याकडच्या मिस्त्रींच्या तोंडी याला एक शब्द आहे : नब्ज. मशीनची नब्ज बघतो, असे ते म्हणतात. शब्द हकिमाच्या दवाखान्यातून वर्कशॉपात आलेला. इब्न सिनाने ‘अल-कानून फित-तिब’मध्ये नाडीचे दहा गुण सांगितले आहेत. तिची फुगवट, ठोक्याचा जोर, गती, दोन ठोक्यांमधली विश्रांती, स्पर्श, लय, नियमितपणा असे ते गुण. आज थरथराटाचा आलेख वाचणारा अभियंताही मोठेपणा, वारंवारता, लय आणि अनियमितपणाच बघतो. इब्न सिनाने कंपनशास्त्राचा शोध लावला, असा दावा मी करणार नाही. असले दावे करायची आपल्या लोकांना हौस असते आणि त्यातून आपलीच शोभा होते. मुद्दा एवढाच की बंद पेटीच्या आत काय चालले आहे ते बाहेरून, ठोक्यांवरून ओळखायचे असते, ही जाण जुनी आहे.

आणि दुरून ओळखायचे, हेही जुने आहे. कोरेगाव भीमावरून जाणारा हाच रस्ता पुढे अहमदनगरमार्गे औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने तिथे, तेव्हाच्या खडकीत, नहर आणली. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की फिरू लागली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून मैलोगणती येते आणि वाटेत ठिकठिकाणी चुन्या-दगडाचे उंच बंबे उभे आहेत. बंब्यात पाणी वर चढते, कोंडलेली हवा सुटते, दाब आवरतो. अशा रचनेत एका बंब्यात पाणी नेहमीच्या उंचीला आणि पुढच्यात उतरलेले असेल, तर खोळंबा त्या दोघांच्या मध्ये आहे हे जमीन न खोदता कळते. चक्कीवर दर्ग्यातल्या लोकांचे पीठ दळले जाई. चक्की मंदावली तर ज्याची भाकरी अडणार, तो त्याच आवारात बसलेला होता.

गिरणीत कुणाचा हात चालतो?

ही जवळीक गिरणीने तोडली. मुंबईच्या कापडगिरणीत यंत्र मालकाचे, कौशल्य कामगाराचे आणि दोघांच्या मध्ये जॉबर उभा. जॉबर माणसे भरती करी, काढी आणि यंत्रांची मांडामांडही तोच बघे. साच्याचा सूर बदलला की त्याला कळे. पण साच्याजवळ कुणी उभे राहायचे हे केवळ कौशल्यावर ठरत नव्हते.

विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे कोकणी मराठे होते आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान जुलाहे, मदनपुऱ्यात राहणारे. महारांना आणि इतर अस्पृश्यांना त्या खात्याचे दार बंद होते. कारण धोट्याचे. कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, त्याला दुसऱ्याचे तोंड लागणार. म्हणून अस्पृश्य तिथे नको. यंत्र इंग्लंडहून आलेले, वाफेवर नाहीतर विजेवर चालणारे, आणि त्यावर कुणाचे ओठ टेकावेत हे मनुस्मृती ठरवणार! मुसलमान विणकरांनी या बंदीविरुद्ध आवाज उठवला असता तर आज अभिमानाने लिहिता आले असते. तसे लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही.

१९२८च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, तो सहा महिने चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. मालकांनी काटकसरीची योजना आणली होती. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू. मालकांचा युक्तिवाद असा की यंत्रे सुधारली, आता इतके लक्ष द्यावे लागत नाही. कामगार म्हणत होता, यंत्र सुधारले तर त्याचा फायदा मला का नाही? आणि तिसऱ्या मागावरचा धागा तुटला तर दंड कुणाला? त्याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देण्याची मागणी कुठे आहे? १ जानेवारी १९२७ला कोरेगावच्या जयस्तंभापाशी उभे राहून त्यांनी लष्करातल्या हक्काची आठवण दिली होती. गिरणीतला प्रश्न त्याच जातीचा होता. तिथे तलवारीऐवजी धोटा होता, इतकेच.

यंत्रानेच स्वतःचा बिघाड ओळखून थांबावे, ही कल्पना याच मागावर पिकली. जपानच्या साकिची टोयोडाने १९२४ साली असा स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला की धागा तुटताच तो आपोआप थांबे. १९२९ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. त्यामुळे एक कामगार कितीतरी माग सांभाळू लागला. मालेगावात आणि भिवंडीत मात्र आमच्या लोकांच्या शेडमध्ये पुढची कित्येक दशके साधेच माग खडखडत राहिले, पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी वापरून टाकलेले. ताण्याचा धागा तुटला तर तो कारागिराच्या डोळ्यालाच दिसायला हवा. माग रुसला तर तो कानालाच कळायला हवा. आणि त्या गोंगाटात बारा-बारा तास काढून तोच कान बहिरा होतो. मालेगावच्या म्हाताऱ्या विणकराशी बोलताना आवाज चढवावा लागतो. यंत्राचे आजारपण ऐकणाऱ्याचे आजारपण कुणी ऐकले नाही.

उघडून पाहण्याचा रोग

कान निकामी होतात, माणसे बदलतात, म्हणून कारखान्यांनी कॅलेंडरचा आधार घेतला. अमुक तास झाले की यंत्र उघडा, तमुक महिने झाले की भाग बदला. हा शहाणपणा दुसऱ्या महायुद्धात उघडा पडला. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाचा एक जीवशास्त्रज्ञ आकडे तपासत होता. विमानांची दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होई. अचानक होणारे बिघाड तपासणीनंतर कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात तपासणी झाल्या झाल्या ते वाढत आणि मग हळूहळू उतरत. म्हणजे चांगल्या यंत्राला हात लावूनच ते बिघडवले जात होते! पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात दाखवले की विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्क्यांचे बिघाड वयाशी जोडता येतात. उरलेल्यांना ठरावीक वयाला बदलून फायदा नाही. वय विचारू नका, प्रकृती विचारा, हा आजच्या सगळ्या ‘प्रेडिक्टिव्ह मेन्टेनन्स’चा पाया आहे. पेचकस कानाला लावणारा मिस्त्री प्रकृतीच विचारत होता, हे मात्र त्या अहवालांत कुठे येत नाही.

त्यानंतर संगणक आले, १९६५मधल्या कूली आणि ट्युकी यांच्या गणिती युक्तीमुळे थरथराटाची फोड काही क्षणांत होऊ लागली होती, सेन्सर स्वस्त झाले. आज साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांसारख्या यंत्रांची हालहवाल पुण्यात बसून बघता येते. डोंगरमाथ्यावर, इतक्या उंचीवर, पावसाळ्यात माणूस चढवून गिअरबॉक्स ऐकायला लावणे हा जुलूम आहे. तिथे सेन्सरच हवा. मी सेन्सरच्या विरोधात नाही, आणि चाचाही नाहीत. ‘‘बेटा, त्यो रात को भी जागता है,’’ असे ते म्हणतात.

भोपाळ

आता त्या रात्रीकडे जावे लागेल, जिच्याशिवाय हा विषय आपल्या देशात पुरा होत नाही. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले होते. आत मिथाइल आयसोसायनेट होते. रात्री अकराच्या सुमारास, नव्या पाळीने कामाचा ताबा घेतल्यावर, टाकीचा दाब २ वरून १० पौंडांवर गेलेला दिसला. पण ठरलेली मर्यादा २ ते २५ होती. म्हणून कुणाला ते वेगळे वाटले नाही. शिवाय तिथल्या काट्यांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता, ते नेहमीच चुकीचे दाखवत. थोड्या वेळाने कामगारांच्या डोळ्यांना झोंबू लागले. गळती आहे हे त्यांच्या डोळ्यांनी ओळखले. चहाच्या सुट्टीनंतर पाहू, असे ठरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता.

याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात संगणकाधारित देखरेख होती. भोपाळमध्ये नव्हती. पण भोपाळला इशारा मिळालाच नव्हता, असे कुणी म्हणू नये. तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जिन वायूने अशरफ खान या कामगाराचा बळी घेतला. कामगार संघटनेने आवाज उठवला, शहरात भित्तिपत्रके लावली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२पासून लिहून लिहून सांगितले की हे शहर ज्वालामुखीवर बसले आहे. अशरफचा मृत्यू हे वाचन होते, काट्यावरच्या आकड्यापेक्षा स्पष्ट वाचन. ते वाचायला नकार दिला गेला. कारखान्याला लागून जेपी नगरसारख्या वस्त्या होत्या, पलीकडे जुने शहर. हातावर पोट असणारे हिंदू आणि मुसलमान तिथे झोपले होते. हजारो उठले नाहीत.

म्हणून ‘मर्यादा’ हा शब्द मला साधा वाटत नाही. २ ते २५ ही मर्यादा कुणी ठरवली? सहा नंबरच्या पंपाची कुणी ठरवली? दाब दहा असणे आणि दाब थोड्याच वेळात दोनाचा दहा होणे यांतला फरक आकड्याला कळत नाही, काल काय होते ते आठवणाऱ्याला कळतो. आजच्या चांगल्या यंत्रणा आकड्याची चढणही बघतात, हे खरे. पण ती चढण पाहून लाइन थांबवायचा अधिकार कुणाला, हे अजूनही माणसेच ठरवतात.

रजिस्टर

नगर रस्त्यावर सकाळी उभे असणाऱ्यांत आता कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराचे जास्त. आज या कंपनीत, सहा महिन्यांनी त्या. अशा माणसाला एका मशीनचा कालचा आवाज आठवणार कसा? ओळख व्हायच्या आत त्याला उठवले जाते. मुस्लिम समाजाबद्दल सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की नियमित पगाराच्या नोकरीत आपला वाटा कमी आणि स्वयंरोजगारात, छोट्या उद्योगांत जास्त. गॅरेज, वाइंडिंगचे दुकान, लेथ, वेल्डिंग. हुनर आहे, प्रमाणपत्र नाही. नव्या कामाला मात्र प्रमाणपत्र लागते. थरथराट वाचण्याचे रीतसर अभ्यासक्रम आहेत, त्यांच्या पायऱ्या आहेत, परीक्षा आहेत. आयटीआय झालेल्या मुलाला त्या अवघड नाहीत. आपल्या मोहल्ल्यांत करिअर मार्गदर्शनाचे जलसे होतात, त्यात डॉक्टर आणि कलेक्टर यांच्याशिवाय तिसरे नाव निघत नाही. हे नाव कुणीतरी काढायला हवे.

चाचा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधी दोन महिने सेन्सरवाल्या कंपनीची एक तरुण इंजिनिअर त्यांना भेटायला येई. तिची अडचण खरी होती. संगणकाला बिघाड ओळखायला शिकवायचा तर जुने बिघाड दाखवावे लागतात. कोणत्या तारखेला कोणते बेअरिंग गेले, का गेले, जाण्याआधी काय दिसले. नुसता थरथराटाचा आलेख मुका असतो, त्याच्याशेजारी कुणीतरी ‘हा ग्रीसचा’, ‘हा वाकड्या शाफ्टचा’, ‘हा सैल पायाचा’ असे लिहिलेले लागते. तिने विचारले, ‘‘चाचा, तुमची जुनी रजिस्टरं कुठे आहेत?’’

वीस वर्षांची रजिस्टरे होती. ऑफिस नव्या इमारतीत हलवले तेव्हा ती रद्दीत गेली होती.

मग ते दोघे कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले. ती लॅपटॉप उघडी आणि चाचा डोळे मिटून सांगत. कधी तारीख आठवे, कधी नुसता सण. कोणत्या ईदच्या आदल्या दिवशी कॉम्प्रेसर अडकला होता, कोणत्या गणपतीत ब्लोअरचा पट्टा जळाला होता. आवाजांना ते स्वतःची नावे देत, किरकिऱ्या, दळण, रातकिडा, आणि ती ती नावे तशीच टाइप करी. सहा नंबरच्या पंपाशी आल्यावर तिने मान वर करून विचारले, ‘‘याची तर आमच्याकडे नोंद आहे, अलार्मची. तुम्हाला कधी कळलं होतं?’’

‘‘लिख लो,’’ चाचा म्हणाले, ‘‘नौ दिन पहले.’’ तिने लिहून घेतले.